टॉवेल टाकून अडवलेली खुर्ची

क्रूझ जहाजाच्या तिकिटात प्रवाशाला केबिनमधला पलंग त्याच्या नावावर मिळतो आणि रात्रीच्या जेवणाचे टेबलही अनेकदा ठरवून दिलेले असते, परंतु तरणतलावाच्या काठावरची आरामखुर्ची कोणाच्याच नावावर नसते. जो प्रवासी तिच्यावर बसेल त्याची ती तेवढ्या वेळापुरती, असा तिचा साधा हिशेब आहे. हा हिशेब रोज सकाळी मोडला जातो आणि तो मोडण्याचे साधन असते जहाजाच्याच कंपनीने दिलेला टॉवेल. इंग्रजीभाषक प्रवाशांमध्ये अशी खुर्ची अडवणाऱ्यांना ‘चेअर हॉग’ म्हणतात. त्यांच्याविषयीची तक्रार क्रूझ व्यवसायाच्या नित्याच्या तक्रारींपैकी एक आहे, आणि कंपन्यांनी अनेक वर्षे नियम करूनही ती मिटलेली नाही.

ही अडवणूक सर्वांत ठळकपणे दिसते ती ‘सी डे’ला, म्हणजे जहाज कोणत्याही बंदराला न लागता दिवसभर समुद्रातच असते त्या दिवशी. बंदराच्या दिवशी बहुतेक प्रवासी किनाऱ्यावर उतरलेले असतात आणि खुर्च्या ओस पडतात. सी डेला मात्र सगळे जहाजावरच असतात आणि ऊन चढू लागले की सगळ्यांची पावले एकाच डेककडे वळतात. डेक धुऊन खुर्च्या ओळीत लावून होत नाहीत तोच एखादा प्रवासी कुटुंबातल्या सगळ्यांचे टॉवेल घेऊन वर येतो, ते चार-पाच खुर्च्यांवर अंथरतो, समुद्रावरच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांना पोपटाच्या किंवा फ्लेमिंगोच्या आकाराचे प्लास्टिकचे चिमटे लावतो, एका खुर्चीवर उघडे पुस्तक पालथे घालतो, दुसरीखाली सपातांचा जोड सरकवतो आणि न्याहारीला निघून जातो. न्याहारीनंतर व्यायामशाळा होते, मग एखादा खेळ किंवा व्याख्यान होते, आणि त्या खुर्च्यांवर प्रत्यक्ष माणसे येतात ती दुपारच्या सुमारास. मधल्या काही तासांत ओले अंग घेऊन तलावाभोवती खुर्ची शोधत फिरणारा प्रवासी पाहतो की एकाही खुर्चीवर माणूस नाही आणि एकही खुर्ची मोकळी नाही.

या वागण्याने नेमके किती नुकसान होते हे एका काल्पनिक उदाहरणातून स्पष्ट होईल. जहाजावर ४,००० प्रवासी व १,००० खुर्च्या आहेत, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच असे आठ तास खुर्च्यांना मागणी आहे आणि प्रत्येक प्रवाशाला दोन तास पहुडायचे आहे, असे धरले तर एकूण ८,००० खुर्ची-तास उपलब्ध होतात आणि गरजही बरोबर तेवढीच भरते. म्हणजे खुर्च्या प्रवाशांच्या चौथाई असूनही कोणी वंचित राहण्याचे कारण नाही. आता केवळ ५०० प्रवाशांनी प्रत्येकी एक खुर्ची दिवसभर अडवली आणि तिचा वापर मात्र दोनच तास केला, तर ३,००० खुर्ची-तास वाया जातात आणि १,५०० लोकांना दिवसभरात एकदाही खुर्ची मिळत नाही. प्रत्यक्षात मागणी आठ तासांवर सारखी पसरलेली नसते, ती भर दुपारच्या दोन-तीन तासांत एकवटते, त्यामुळे खरी परिस्थिती या उदाहरणाहून वाईटच असते. थोडक्यात, खुर्च्या कमी पडतात त्या संख्येने नव्हे, तर रिकाम्या राहिलेल्या वेळेमुळे. आणि गेलेला तास कोणत्याही कोठारात साठवून उद्या वापरता येत नाही.

पहिल्या दिवशी ज्याने खुर्ची अडवली नाही तो दुसऱ्या दिवशीही अडवणार नाही असे नाही, ही यातली खरी मेख आहे. सभ्य प्रवाशाला एकदा उभे राहावे लागले की त्याला कळते की नियम पाळण्याची किंमत आपण एकटेच मोजतो आहोत, आणि तिसऱ्या दिवशी तोही घड्याळाचा गजर लावतो. टंचाईच्या भीतीने केलेली साठवणूक स्वतःच टंचाई निर्माण करते, हे धान्यबाजारात जसे खरे तसेच जहाजाच्या डेकवरही. म्हणूनच चेअर हॉग ही माणसांची वेगळी जात आहे असे समजणे चुकीचे ठरते; बहुतेक जण परिस्थितीने तसे झालेले असतात.

हा प्रश्न जहाजांइतकाच जुना असेल असे कोणालाही वाटेल, पण तसे नाही. अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या जुन्या प्रवासी जहाजांवर, म्हणजे ज्यांना लायनर म्हटले जाई त्या ठरावीक मार्गावर धावणाऱ्या बोटींवर, डेकवरच्या खुर्चीची व्यवस्था अगदी निराळी होती. एकोणिसाव्या शतकात अनेक प्रवासी स्वतःची घडीची खुर्ची सोबत आणत. पुढे कंपन्या खुर्च्या भाड्याने देऊ लागल्या. १९१२ साली बुडालेल्या ‘टायटॅनिक’च्या मालक व्हाइट स्टार लाइनकडे संपूर्ण सफरीसाठी एका खुर्चीचे भाडे ४ शिलिंग होते आणि पायांवर घ्यायच्या लोकरी पांघरुणाचे आणखी ४ शिलिंग. प्रवासी जहाजावर चढल्यावर डेक स्टुअर्डला, म्हणजे डेकची देखरेख करणाऱ्या सेवकाला, गाठून जागा ठरवीत असे, आणि त्याच्या नावाची चिठ्ठी खुर्चीला लावली की ती खुर्ची संपूर्ण सफरीपुरती त्याची होत असे. या पद्धतीत भेदभाव होता, वाऱ्यापासून आडोशाची जागा मिळवण्यासाठी बक्षिसी चारण्याचे प्रकारही असणार. परंतु पहाटे उठून टॉवेल टाकण्याची गरज तेथे नव्हती, कारण खुर्चीवर हक्क कोणाचा हे ठरवणारा एक जबाबदार माणूस तेथे होता.

ही व्यवस्था कशी लोपली हे पाहण्यासारखे आहे. १९५८ नंतर जेट विमानांनी अटलांटिकपारचा प्रवास काही तासांवर आणला, लायनर ओस पडू लागले आणि जहाज-कंपन्यांना नवा धंदा शोधावा लागला. तो सापडला कॅरिबियन समुद्रातल्या उन्हात. १९७० साली सेवेत आलेले रॉयल कॅरिबियनचे ‘साँग ऑफ नॉर्वे’ हे उबदार हवामानातल्या सहलींसाठीच बांधलेले जहाज होते आणि त्याच्या वरच्या डेकवर तलाव व त्याभोवती ऊन खाण्यासाठी मोकळी जागा प्रशस्तपणे राखली होती. १९७२ मध्ये कार्निव्हल कंपनी आली आणि सर्वसामान्य उत्पन्नाच्या प्रवाशाला ‘सगळे काही तिकिटातच’ हा विचार तिने विकला. खुर्चीचे वेगळे भाडे घेणे या विचारात बसत नव्हते. भाडे गेले, त्याबरोबर चिठ्ठीही गेली, आणि चिठ्ठी लावणारा स्टुअर्ड टॉवेल वाटणारा कर्मचारी झाला. लायनरवर थंडीत पांघरूण घेऊन समुद्र पाहणे हा एकाकी उद्योग होता, तर क्रूझवर तलावाचा काठ हे जहाजाचे मुख्य अंगण झाले, म्हणून मागणीही एका ठिकाणी गोळा झाली. ‘साँग ऑफ नॉर्वे’वर सुमारे ७०० प्रवासी मावत, जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर सात तलाव आहेत, पण एका केबिनमध्ये दोघे असे धरले तरी प्रवासी ५,६१० होतात.

तरीही एक प्रश्न उरतोच. टॉवेल हे काही कुलूप नव्हे. तो बाजूला सारायला दोन बोटे पुरतात. मग शेकडो माणसे एका कापडाच्या तुकड्यापुढे माघार का घेतात? समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रिलेशन्स इन पब्लिक’ या ग्रंथात सार्वजनिक जागेत माणूस स्वतःपुरते जे तात्पुरते प्रदेश आखून घेतो त्यांचा विचार केला आहे. अशा प्रदेशावर मालक नसतानाही त्याचा हक्क सांगणाऱ्या वस्तूला त्यांनी ‘मार्कर’, म्हणजे हक्काची खूण, असे म्हटले आणि तिच्या उदाहरणांत काळा चष्मा व अंगाला लावायचे लोशन ठेवून धरलेली समुद्रकाठची खुर्चीही दिली. खुर्चीसारख्या जागेचे आणखी एक वैशिष्ट्य त्यांनी टिपले आहे: ती अर्धी देता-घेता येत नाही. बाकावर थोडे सरकता येते, वाळूवर चटई जरा बाजूला ओढता येते, पण एकट्याची खुर्ची एक तर पूर्ण आपली असते किंवा मुळीच नसते, म्हणून तिच्याबाबतीत तडजोडीला वावच राहत नाही.

रॉबर्ट सॉमर आणि फ्रँकलिन बेकर या मानसशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये विद्यापीठाच्या ग्रंथालयासारख्या ठिकाणी टेबलांवर निरनिराळ्या वस्तू ठेवून ती जागा किती वेळ राखली जाते याचे प्रयोग केले. कोणाचीही असू शकणारी नियतकालिके ठेवलेल्या जागेपेक्षा अंगातला कोट किंवा वहीसारखी व्यक्तिगत वस्तू ठेवलेली जागा जास्त काळ सुरक्षित राहते, असे त्यांना आढळले. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला थेट विचारले, तर तो अनुपस्थित व्यक्तीची बाजू घेऊन जागा राखतो, ही त्यांची दुसरी नोंद अधिक मार्मिक आहे. डेकवर अगदी हेच घडते: टॉवेल सगळ्यांचा सारखाच, म्हणून दुबळी खूण, तो उघड्या पुस्तकाने, चिमट्याने, वापरलेल्या सपातांनी बळकट केला जातो, आणि शेजारच्या खुर्चीवरचा माणूस “इथे कोणीतरी आहे” असे सांगून न मागितलेली राखण करतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या सीटची महती ज्यांना ठाऊक आहे त्या मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच की रुमालवाला दरवाजातून आत शिरेपर्यंतची दोन मिनिटे जागा मागतो, टॉवेलवाला अर्धा दिवस मागतो.

खुणेमागे काही श्रम असतील तर तिला लोक अधिक मान देतात. अमेरिकेतील बॉस्टन शहरात हिमवादळानंतर रस्त्याकडेची गाडीची जागा फावड्याने मोकळी करणारा रहिवासी तेथे जुनी खुर्ची किंवा रिकामे पिंप ठेवून ती जागा राखतो, आणि नगर प्रशासनाने हिमसंकटाची घोषणा मागे घेतल्यापासून ४८ तासांपर्यंत ही प्रथा चालवून घेतलेली आहे. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक याने सतराव्या शतकात मालकीचा उगम श्रमात शोधला होता, त्याचीच ही घरगुती आवृत्ती. टॉवेल टाकणाऱ्याचे श्रम मात्र लवकर उठण्यापलीकडे जात नाहीत, आणि त्या उठण्याने खुर्चीत तिळभर भर पडत नाही. उलट तिचा उपयोग घटतो. म्हणून त्याचा दावा नैतिकदृष्ट्या पोकळ आहे, पण पोकळ दावासुद्धा कोणी आव्हान देईपर्यंत टिकतो.

आव्हान कोणी द्यायचे, येथे घोडे अडते. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सामाईक कुरणाची कल्पना मांडली, जिच्यात प्रत्येक गुराखी स्वतःचे एकेक जनावर वाढवत जातो आणि शेवटी कुरण उजाड होते. त्यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्वित्झर्लंडमधली डोंगरकुरणे, स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया भागातले पाटपाणी अशा उदाहरणांवरून दाखवून दिले की लोक स्वतःच नियम करून, आपसांत राखणदार नेमून आणि चुकणाऱ्याला आधी सौम्य व मग कडक दंड करून सामाईक संपत्ती शतकानुशतके टिकवतात. या कामासाठी त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र त्या गावकऱ्यांना पुढच्या हंगामातही एकमेकांची तोंडे पाहायची असतात. क्रूझवरचे प्रवासी सात दिवसांसाठी एकत्र येतात, त्यांच्यात नाव-गाव-भाषा काहीच समान नसते आणि पुन्हा भेट होण्याची शक्यता जवळजवळ नसते. अशा जमावाकडून स्वयंशासनाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे, त्यामुळे राखणदार कंपनीलाच पुरवावा लागतो.

कंपन्यांनी नियम केले आहेत, याबद्दल वाद नाही. कार्निव्हलने २०१३ मध्ये अशी पद्धत सुरू केली की माणूस नसलेल्या खुर्चीवर कर्मचारी वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवतो आणि ४० मिनिटांत कोणी आले नाही तर त्यावरचे सामान उचलून टॉवेलच्या काउंटरवर जमा करतो. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ही मुदत ४५ मिनिटे, तर रॉयल कॅरिबियनने ३० मिनिटे ठरवलेली आहे. कागदावर हा उपाय उत्तम आहे, कारण तो खुणेला घड्याळ जोडतो. अडचण अंमलबजावणीत येते: चिठ्ठी कोणीही सोलून टाकू शकतो, शेकडो खुर्च्यांवर लक्ष ठेवणारे दोन-चार कर्मचारी टॉवेल वाटणे आणि ग्लास उचलणे यांतच गुंतलेले असतात, आणि ज्याचे सामान उचलले तो प्रवासी तणतणत आला की कर्मचाऱ्याच्या बाजूने उभे राहणारा वरिष्ठ जवळ असतोच असे नाही. टॉवेल हरवल्यास रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर प्रवाशाच्या खात्यात २५ डॉलर लागतात, म्हणजे उचललेला टॉवेल हा केवळ मानापमानाचा नव्हे तर पैशांचाही प्रश्न होतो.

या कर्मचाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले तर त्याची नजर दुसरीकडे का वळते हे कळते. सफरीच्या अखेरीस प्रवासी जी प्रश्नावली भरतात तिच्यावर त्याच्या विभागाचे मूल्यमापन होते, नोकरीचा करार काही महिन्यांचा असतो आणि रागावलेला एक प्रवासी दहा समाधानी प्रवाशांपेक्षा अधिक लिहितो. हा कर्मचारी फिलिपिन्सचा, इंडोनेशियाचा किंवा भारताचा असण्याची शक्यता मोठी आहे, आणि भारतीय असेल तर गोव्याचा असणे मुळीच नवलाचे नाही. तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे गोमंतकीय, ब्रिटिशांच्या काळापासून पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या बोटींवर स्वयंपाकी व वाढपी म्हणून राबत आले. मुंबईत धोबी तलाव परिसरातल्या ‘कूड’ नावाच्या गाववार क्लबांत ते पुढच्या बोटीची वाट पाहत मुक्काम करीत. त्यांचे आजचे वारस क्रूझवर चिठ्ठ्या चिकटवतात, परंतु जुन्या डेक स्टुअर्डच्या शब्दाला जे वजन होते ते त्यांच्या चिठ्ठीला कंपनीने दिलेले नाही.

कंपनीला हे वजन द्यायचे आहे का, हा प्रश्न विचारणे गैर ठरणार नाही. गेल्या काही वर्षांत मोठ्या जहाजांवर जास्त पैसे मोजणाऱ्यांसाठी स्वतंत्र तलाव आणि स्वतंत्र डेक असलेले विभाग उभे राहिले आहेत. नॉर्वेजियनचे ‘द हेवन’, एमएससीचा ‘यॉट क्लब’, सेलिब्रिटीचा ‘द रिट्रीट’ ही त्यांची परिचित नावे. तेथे खुर्चीसाठी धावपळ नसते, आणि तीच त्यांची मोठी जाहिरात असते. सार्वजनिक डेकवरची गैरसोय कंपनी मुद्दाम पोसते असा आरोप करण्याइतका पुरावा नाही. पण ती गैरसोय दूर झाली तर महागड्या विभागाचे आकर्षण कमी होईल, एवढे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. जमिनीवर हा विचार उघडपणे विक्रीला काढण्यात आला होता: ब्रिटनच्या थॉमस कुक कंपनीने २०१८ मध्ये कॅनरी बेटांवरील निवडक हॉटेलांत २५ युरो भरून तलावाकाठची खुर्ची संपूर्ण मुक्कामासाठी आधीच राखण्याची सोय सुरू केली, म्हणजे व्हाइट स्टारच्या ४ शिलिंगांकडेच ती परत गेली. पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली, अर्थात त्याची कारणे खुर्चीपेक्षा पुष्कळ मोठी होती. स्पेनमध्ये पहाटे छत्र्या रोवून जागा अडवणाऱ्यांना काही किनारी नगरपालिका दंड करतात आणि सामान उचलून नेतात.

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा निर्णय जर्मनीतील हॅनोव्हरच्या न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला. चार जणांच्या एका कुटुंबाने २०२२ च्या उन्हाळ्यात ग्रीसच्या रोड्स बेटावरील सहलीसाठी ५,२६० युरो भरले होते. हॉटेलच्या नियमानुसार अर्ध्या तासाहून अधिक काळ खुर्ची अडवण्यास मनाई होती, पण पाहुणे टॉवेल टाकून जात आणि हॉटेल काहीच करीत नसे. न्यायालयाने म्हटले की प्रत्येक पाहुण्याला कोणत्याही क्षणी खुर्ची मिळालीच पाहिजे असे बंधन सहल आयोजकावर नाही, पण खुर्च्यांचे प्रमाण वाजवी असले पाहिजे आणि स्वतःचाच नियम पाहुणे सर्रास मोडत असतील तर हस्तक्षेप करणे ही आयोजकाची जबाबदारी आहे. आणि तक्रार केल्यानंतरच्या दिवसांच्या खर्चातून १५ टक्के धरून ३२२.७७ युरो परत देण्यास सांगितले. रक्कम किरकोळ आहे, तत्त्व किरकोळ नाही. कुटुंबाने स्वतः टॉवेल हटवून भांडत बसायला हवे होते असे न्यायालयाने म्हटले नाही. हा निकाल हॉटेलबद्दलचा असला, तरी युरोपीय संघाच्या २०१५ च्या पॅकेज प्रवास निर्देशात प्रवास आणि मुक्काम एकत्र विकणारी क्रूझही पॅकेजच मानली जाते, त्यामुळे युक्तिवादाची दिशा जहाजांनाही लागू पडण्याजोगी आहे.

हा प्रश्न आता मराठी प्रवाशालाही परका राहिलेला नाही. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाणाऱ्या कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या सफरी सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाल्या. या कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे १९९० साली बांधलेले जहाज पूर्वी रॉयल कॅरिबियनचे होते, आणि महाराष्ट्रातल्या पुष्कळ कुटुंबांची क्रूझशी पहिली ओळख त्याच्या डेकवर झाली. परदेशी क्रूझवर जाणारे मराठी प्रवासीही आता विरळ नाहीत. अशा प्रवाशाने जहाजावर चढताच खुर्चीच्या मुदतीचा नियम दैनिक पत्रकात किंवा ॲपमध्ये पाहून घ्यावा. बंदराच्या दिवशी किनाऱ्यावर उतरायचे नसेल तर तलावाचा काठ त्याच दिवशी गाठावा. आणि सी डेला टॉवेल घातलेली रिकामी खुर्ची दिसली तर त्या टॉवेलला स्वतः हात न लावता डेकवरील कर्मचाऱ्याकडून तिच्यावर वेळेची चिठ्ठी लावून घ्यावी. मुदत उलटूनही कोणी काही केले नाही, तर गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर तारीख आणि वेळ घालून लेखी तक्रार नोंदवावी व तिची पोच मागून घ्यावी, कारण हॅनोव्हरच्या खटल्यातल्या कुटुंबाला पैसे परत मिळाले ते तक्रार नोंदवल्यानंतरच्या दिवसांचेच.